कोणता इलेक्ट्रॉन निघतोय? आयनीभवन ऊर्जेचा आलेख हाताने काढून समजून घेऊ

अकरावीची पहिली चाचणी झाली की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या छोट्या क्लासमध्ये एक तक्रार ठरलेली असते. ‘मॅडम, बाण बरोबर काढलेला, तरी मार्क कापले.’ बाण म्हणजे आवर्तसारणीच्या चौकटीवर काढतात ते दोन. डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, वाढते, वरून खाली कमी होते. प्रश्न असतो, बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन चढत्या क्रमाने लावा. बाणाच्या भरवशावर पोरं पाचही नावं अणुअंकाच्या क्रमाने लिहून मोकळी होतात. खरा क्रम आहे बोरॉन, बेरिलियम, कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन. कार्बन तेवढा जागेवर, बाकी चारही चुकले.

बाण खोटा नाही, पण तो फक्त दिशा सांगतो, वाटेतले खड्डे सांगत नाही. आणि पेपर काढणाऱ्याला खड्ड्यांतच रस असतो. म्हणून माझ्याकडे हा धडा बाणापासून सुरू होत नाही. तो आलेखाच्या कागदापासून सुरू होतो, आणि शेवटपर्यंत एकच प्रश्न विचारत जातो: या अणूतून निघणारा इलेक्ट्रॉन नेमका कोणता?

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांसाठी आधी भाषांतराचं बघू. अकरावीत ‘आवर्त’चा पिरियड होतो, ‘गणा’चा ग्रूप आणि ‘आयनीभवन ऊर्जे’ची आयनायझेशन एन्थाल्पी. ऊर्जा आणि एन्थाल्पी यांत खोलीच्या तापमानाला मोलमागे सुमारे ६ किलोज्यूलचा फरक पडतो. क्रम लावताना तो सगळ्यांना सारखाच लागतो, त्यामुळे इथे सोडून देऊ.

व्याख्या, पण नीट

वायुरूप अवस्थेतल्या, एकट्या, मूळ स्थितीतल्या अणूतून सर्वात सैल असलेला इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला लागणारी कमीत कमी ऊर्जा. यातले ‘वायुरूप’ आणि ‘एकट्या’ हे शब्द मुलं गाळतात आणि तिथेच अर्धा मार्क जातो. सोडियमच्या तुकड्यात अणू एकमेकांना धरून असतात, ते सोडवायची ऊर्जा या हिशेबात धरायची नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. ‘सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो’ असं आपण शिकतो. देत नाही. एक मोल सोडियम अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने घेतला की सुमारे ३४९ परत मिळतात. म्हणजे १४७चा तोटाच. मग मीठ बनतंच कसं? विरुद्ध प्रभाराचे आयन स्फटिकात एकमेकांशेजारी बसतात तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात, त्यातून सगळी भरपाई होते. मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांत दिसणाऱ्या पांढऱ्या ढिगांमागे हा जमाखर्च आहे. सोडियम उदार नाही, बाकीच्यांच्या तुलनेत स्वस्त आहे, एवढंच.

एककं दोन भेटतील. पुस्तकात किलोज्यूल प्रति मोल, भौतिकशास्त्राच्या बाजूला इलेक्ट्रॉनव्होल्ट. इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आकड्याला ९६.५ने गुणलं की किलोज्यूल मिळतात. हायड्रोजनचे १३.६ गुणून बघा, १३१२च्या आसपास उत्तर येईल.

आलेख काढा. छापील बघू नका, काढाच

आलेखाचा कागद आडवा धरा. आडव्या अक्षावर अणुअंक १ ते २०, प्रत्येकाला एक सेंटिमीटर. उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला २०० किलोज्यूल, म्हणजे एक बारीक चौकोन २०चा. आकडे हे घ्या:

हायड्रोजन १३१२, हेलियम २३७२.
लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१.
सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरीन १२५१, अरगॉन १५२१.
पोटॅशियम ४१९, कॅल्शियम ५९०.

बिंदू पेन्सिलने जोडा. वीस मिनिटांचं काम आहे, पण एकदा हाताने केलं की हेलियमनंतरची ती कोसळण डोक्यातून जात नाही. २३७२वरून थेट ५२०. निऑनवरून सोडियमवर येताना पुन्हा तेच, अरगॉनवरून पोटॅशियमवर येताना पुन्हा. सगळी शिखरं राजवायूंची, सगळ्या दऱ्या अल्क धातूंच्या. आवर्तसारणीची ओळ कुठे मोडायची हे कुणी ठरवून दिलं नसतं, तरी या आलेखाने दाखवून दिलं असतं.

आता पेन्सिल बदला. लाल घ्या. चार ठिकाणी रेषा किंचित खाली वळते: बेरिलियमनंतर, नायट्रोजननंतर, मॅग्नेशियमनंतर, फॉस्फरसनंतर. तिथे छोटे गोल करा. गंधकाजवळचा खड्डा जेमतेम बारा किलोज्यूलचा आहे, आपल्या आलेखावर एका बारीक चौकोनाहूनही कमी. पेन्सिल जाड असेल तर दिसणारच नाही.

निघणाऱ्याभोवती गोल करा

प्रत्येक मूलद्रव्याचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहा आणि जो पहिला बाहेर पडेल त्याच्याभोवती गोल काढा. लिथियमचा २एसमधला, म्हणजे दुसऱ्या कवचाच्या एस उपकवचातला, एकटा. बोरॉनचा २पीमधला एकटा. ऑक्सिजनचा २पीमधला, पण जोडीतला. गोल काढल्यावर त्या इलेक्ट्रॉनबद्दल तीन गोष्टी विचारा. तो कोणत्या कवचात आहे? केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत किती पोचते? आणि शेजारी कोण बसलंय? जवळजवळ सगळी उत्तरं या तिघांत बसतात.

दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबू, कारण ‘इफेक्टिव्ह न्यूक्लिअर चार्ज’ (इलेक्ट्रॉनला प्रत्यक्षात जाणवणारा केंद्रकाचा प्रभार) हे शब्द मुलं म्हणतात खरे, पण त्यांना त्यातून काही दिसत नाही. गडकरी रंगायतनला नाटकाला बसलात असं समजा. रंगमंच म्हणजे केंद्रक. तुमच्या पुढच्या रांगांमधली डोकी तुमचं दृश्य अडवतात. तुमच्याच रांगेत शेजारी बसलेल्याचं कोपर लागेल, पण तो रंगमंच फारसा झाकत नाही. आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन म्हणजे पुढच्या रांगा, त्याच कवचातले म्हणजे शेजारी.

या अडवण्याला भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३०मध्ये अंदाजाचे आकडे दिले. आपल्या एस-पी इलेक्ट्रॉनसाठी ते असे: त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ एवढा प्रभार झाकतो, लगतच्या आतल्या कवचातला ०.८५, त्याहून आतला पूर्ण १. हिशेब करा. लिथियमचा केंद्रकीय प्रभार ३, आतले दोन मिळून १.७ झाकतात, बाहेरच्याला मिळतात १.३. फ्लोरीनचा प्रभार ९, सहा सोबती २.१ झाकतात, आतले दोन १.७, उरतात ५.२. रांग तीच, पण दिवा चौपट प्रखर. डावीकडून उजवीकडे जाणारा बाण म्हणजे एवढंच: प्रोटॉन एकेक वाढतो, नवा शेजारी मात्र त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा झाकतो.

खाली जाताना काय होतं? सोडियमसाठी हाच हिशेब २.२ देतो. पोटॅशियमसाठीही २.२च. म्हणजे ओढणारा प्रभार कमी झाला म्हणून ऊर्जा घटली, हे उत्तर चूक. सोडियमच्या इलेक्ट्रॉनला तर लिथियमपेक्षा जास्त प्रभार जाणवतो, तरी तो स्वस्तात सुटतो, कारण तो एक रांग मागे आहे. अंतर जिंकतं. ‘शिल्डिंग (म्हणजे हे झाकणं) वाढते म्हणून’ एवढंच लिहिणाऱ्यांनी या ओळीखाली रेघ मारावी. उत्तरात अंतर, म्हणजे मुख्य क्वांटम अंक वाढला, हे आलंच पाहिजे.

चार खड्डे

पहिली जात: बेरिलियमवरून बोरॉनवर. बेरिलियमचा निघणारा इलेक्ट्रॉन २एसमधला, बोरॉनचा २पीमधला. कवच तेच, पण एस इलेक्ट्रॉनला एक सवय असते. नाटक चालू असताना एखादा उठून पुढे जातो, फोटो काढून परत येतो, तसा तो अधूनमधून केंद्रकाच्या अगदी जवळ फिरून येतो. पी इलेक्ट्रॉनला केंद्रकापाशी जागाच नाही. त्यामुळे तो वरच्या ऊर्जापातळीवर आणि सैल असतो. शिवाय बोरॉनमध्ये २एसची जोडी त्याला थोडं झाकते. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची गोष्ट हीच, फक्त एक कवच बाहेर. गंमत अशी, की स्लेटरच्या आकड्यांत हा खड्डा दिसतच नाही, कारण त्यांनी एस आणि पी एकाच गटात टाकले. त्यांच्या हिशेबात बेरिलियमला १.९५ आणि बोरॉनला २.६. ढोबळ नियम ढोबळच असतात.

दुसरी जात: नायट्रोजनवरून ऑक्सिजनवर. यासाठी गडकरीतून बाहेर पडून ठाणे स्टेशनवर या. २पी म्हणजे लोकलमधलं तिघांचं बाक. नायट्रोजनमध्ये तीन इलेक्ट्रॉन, तिघांना एकेक जागा. ऑक्सिजनमध्ये येतो तो चौथ्या सीटवाला, ‘जरा सरका’ म्हणणारा. त्याला कुणाच्या तरी जागेत वाटा घ्यावा लागतो. एकाच ऑर्बिटलमधले, म्हणजे एकाच जागेवरचे, दोन ऋण प्रभार एकमेकांना ढकलतात, आणि बाहेर काढायचं झालं तर या जोडीतला एक आधी निघतो. प्रोटॉन एक वाढूनही ऑक्सिजनचा आकडा ८८ने खाली येतो तो या रेटारेटीमुळे.

पुस्तकात याला ‘हाफ-फिल्ड स्थिरता’, म्हणजे अर्ध्या भरलेल्या उपकवचाची स्थिरता, म्हणतात. परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. पण ते कारण नाही, नाव आहे. कारणं दोन: जोडीतलं प्रतिकर्षण, आणि समांतर फिरकीच्या इलेक्ट्रॉनांना मिळणारी अदलाबदलीची सूट, म्हणजेच एक्स्चेंज ऊर्जा. फॉस्फरस-गंधकाच्या खड्ड्यामागेही हेच आहे. तिथलं बाक मोठं आहे, त्यामुळे रेटारेटी कमी आणि खड्डा उथळ.

दुसरा इलेक्ट्रॉन काढा

माझ्या मते या धड्याचा सगळ्यात सुंदर भाग हा, आणि तोच वर्गात घाईत उरकतात.

त्याच कागदावर दुसऱ्या आयनीभवन ऊर्जा काढायला गेलात तर जागा पुरणार नाही, म्हणून वेगळा कागद घ्या, एका सेंटिमीटरला ५००चं प्रमाण धरा. लिथियम ७२९८, बेरिलियम १७५७, बोरॉन २४२७, कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लोरीन ३३७४, निऑन ३९५२, सोडियम ४५६२, मॅग्नेशियम १४५१.

जुना आलेख शेजारी ठेवा. आकार तोच आहे, एक घर उजवीकडे सरकलेला. शिखर आता निऑनवर नाही, सोडियमवर आहे. दरी मॅग्नेशियमवर. बोरॉन-कार्बन आणि ऑक्सिजन-फ्लोरीन इथे खड्डे. असं का, हे गोल काढलेत तर लगेच कळेल. एक इलेक्ट्रॉन गेलेला सोडियम संरूपणाने निऑनसारखा असतो, एक गेलेला ऑक्सिजन नायट्रोजनसारखा. ‘ऑक्सिजन आणि फ्लोरीन यांपैकी दुसरी आयनीभवन ऊर्जा कोणाची जास्त?’ हा स्पर्धा परीक्षांतला लाडका प्रश्न, आणि फ्लोरीनवर खूण करणारे पुष्कळ.

पण हे सरकणंही डोळे मिटून वापरू नका. खालच्या ओळीत गंधक २२५२ आणि क्लोरीन २२९८: तिथे अपेक्षित खड्डा बुजलेला आहे. खड्डा मुळात उथळ होता, त्यात आयनावर धन प्रभार असल्याने केंद्रकाची पकड घट्ट झाली.

उडीवरून गण ओळखणं

एकामागून एक इलेक्ट्रॉन काढत गेलं की ऊर्जा वाढतच जाते, कारण उरलेल्यांवर तोच केंद्रक ताबा ठेवतो. आपण शोधायची ती उडी. मॅग्नेशियम: ७३८, १४५१, मग ७७३३. ॲल्युमिनियम: ५७८, १८१७, २७४५, मग ११५७७. उडीच्या आधी जितके इलेक्ट्रॉन निघाले, तितके बाहेरच्या कवचात होते. शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करण्यापेक्षा भागाकार करा, उडी लगेच दिसते. मॅग्नेशियममध्ये दुसरा भागिले पहिला येतो सुमारे २, तिसरा भागिले दुसरा येतो पाचाच्या पुढे.

सारणीच्या खालच्या मजल्यांवर

कॅल्शियमच्या पुढे बाण अजूनच मवाळ होतो. लिथियम ते निऑन १५६१ किलोज्यूलचा फरक होता. स्कँडियमच्या ६३३पासून तांब्याच्या ७४५पर्यंत नऊ मूलद्रव्यांत जेमतेम सव्वाशेच्या आसपास फरक पडतो, तोही वरखाली होत. इथे नवा इलेक्ट्रॉन ३डीत, म्हणजे आतल्या रांगेत जाऊन बसतो आणि वाढलेला प्रोटॉन बराचसा झाकून टाकतो. निघतो मात्र बाहेरचा ४एसवाला. भरताना ४एस आधी म्हणून काढताना ३डी आधी, असं उलटं गणित मांडणारे दर वर्षी भेटतात. लोखंडाचा दोन धन प्रभाराचा आयन लिहून बघा: सहाही डी इलेक्ट्रॉन जागेवर, ४एस रिकामं.

उभ्या दिशेतही बाण वाकतो. ॲल्युमिनियम ५७८ आणि त्याखालचं गॅलियम ५७९. एक कवच वाढूनही उतार नाही, कारण मधल्या दहा ३डी इलेक्ट्रॉनांना झाकण्याची कला नीट जमत नाही. पुढे इंडियम ५५८, थॅलियम ५८९: उलटा चढ. तिथे चौदा ४एफ इलेक्ट्रॉन मध्ये आले, आणि ते झाकण्यात डीपेक्षाही कच्चे. झिर्कोनियम ६४० आणि हाफ्नियम ६५९ यांचंही हेच. सर्वात कमी आयनीभवन ऊर्जा कोणाची, याला ‘सर्वात खालचं डावीकडचं, म्हणून फ्रान्सियम’ हे उत्तर बाणाचं आहे. आकडे सांगतात सीझियम ३७६, फ्रान्सियम ३९३. एवढ्या जड अणूत ७एस इलेक्ट्रॉनवर सापेक्षतेचा परिणाम होतो आणि तो केंद्रकाकडे ओढला जातो.

पावणे येथे काम करणाऱ्या एका पालकांचा प्रश्न

एका विद्यार्थिनीचे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात आहेत. त्यांनी विचारलं, हे शिकून पुढे उपयोग काय? मी त्यांनाच उलट विचारलं, तुमच्याकडे वायुगळती शोधायला हातात धरायचं पीआयडी (फोटोआयनायझेशन डिटेक्टर) यंत्र असेल ना? त्यातला दिवा सहसा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. बेंझिनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा ९.२४, म्हणून दिव्याच्या प्रकाशाने त्यातून इलेक्ट्रॉन सुटतो आणि यंत्राला विद्युतप्रवाह मिळतो. हवेतल्या ऑक्सिजनची १२.०७, नायट्रोजनची १५.५८, म्हणून हवा यंत्राला दिसत नाही. पण मिथेनची १२.६ आहे, म्हणजे तोही दिसत नाही! पीआयडी शांत आहे म्हणजे मिथेन नाही, असा अर्थ काढणं धोक्याचं. त्यांना हे कामामुळे माहीत होतं, कारण मात्र मुलीच्या वहीत सापडलं.

अशाच दोन आकड्यांकडे बघून रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी १९६२मध्ये इतिहास घडवला. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतं हे त्यांना दिसलं होतं. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा ११६५ किलोज्यूल, झेनॉनची ११७०. जवळपास सारखीच, मग झेनॉन का नाही? त्यांनी प्रयोग केला आणि राजवायूचं पहिलं खरं संयुग पिवळट नारिंगी घनरूपात हाती आलं.

आता तुमची पाळी

वहीत सोडवा, प्रत्येक ठिकाणी निघणाऱ्याभोवती गोल करून.

एका मूलद्रव्याच्या क्रमवार ऊर्जा ८०१, २४२७, ३६६०, २५०२६. गण कोणता?

सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन: पहिल्या ऊर्जेचा चढता क्रम लावा, मग दुसऱ्या ऊर्जेचा.

क्रोमियमची दुसरी ऊर्जा १५९१, मँगनीजची १५०९. अणुअंक वाढूनही ती घटली का?

पहिल्याचं उत्तर तेरावा गण, बोरॉन. दुसऱ्याची दोन उत्तरं वेगवेगळी येतील: आधी सोडियम, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन, मग मॅग्नेशियम, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, सोडियम. तिसऱ्यात क्रोमियमचा पहिला इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेलं संरूपण लिहा. पाच डी इलेक्ट्रॉन पाच जागांवर एकेकटे बसलेले दिसतील, आणि दुसरा काढायचा म्हणजे त्यांच्यातलाच एक उठवायचा. मँगनीजकडे अजून एक ४एसवाला शिल्लक असतो.